केराच्या पोत्याचा वादी

लक्ष्मी गेट, झाशी
पाडव्यानंतरचा तिसरा रविवार

तीर्थरूप रमाकांतमामांच्या पायावर मंदारचं झाशीहून डोकं. (डाव्या पायावर. उजव्याला प्लास्टर आहे असं तुमच्या तन्वीनं कळवलं. म्हशीनं तुम्हाला लाथ मारली, की तुम्ही म्हशीला मारायला गेलात आणि तुमची लाथ खुंट्याला बसली, याबद्दल घरात दोन मतं आहेत असंही तिनं कळवलं. पण तो तुमचा आणि म्हशीचा प्रश्न आहे.) दुखणं आता कसं आहे? प्लास्टरच्या आत खाज सुटली तर मामींची विणायची सुई घालू नका. आमच्या गल्लीतल्या एकानं घातली, ती आतच राहिली, आणि आता त्याचा पाय दुखतो की सुई टोचते हे डॉक्टरलाही कळेना. आईचं गुडघ्याचं तेल संपलं असेल, तिला म्हणावं इकडं त्याच वासाचं मिळतं, पाठवतो. माझी तब्येत ठणठणीत. ऊन मात्र असं पडलंय की भट्टीपुढं बसा नाहीतर रस्त्यावर, सारखंच. फक्त भट्टीपुढं बसायचा पगार मिळतो.

आता मुद्द्याचं. माझ्यावर केस झालेली नाही. परत लिहितो, म्हणजे मोठ्यानं वाचताना तुम्हाला दोनदा वाचावं लागेल: माझ्यावर केस झालेली नाही. केस मी केली आहे. करणारा वेगळा आणि ज्याच्यावर होते तो वेगळा, जसा पाहुणा वेगळा आणि कोंबडा वेगळा. हे मी फोनवर सांगून बघितलं. पहिल्यांदा तुम्ही "आवाज येत नाही, आवाज येत नाही" म्हणत राहिलात. दुसऱ्यांदा आईनं फोन घेतला आणि माझं "हॅलो" ऐकूनच रडायला लागली. तिसऱ्यांदा मी बोलत असताना मागून कुणीतरी म्हणालं, "जामिनाचं काय झालं विचारा." (तो आवाज मी ओळखला. त्यांनी स्वतःच्या मेव्हण्याच्या जामिनाचं आधी बघावं.) म्हणून शेवटी कागद घेतला. मी नववीतनं शाळा सोडली तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "याला आयुष्यात पत्रसुद्धा लिहिता येणार नाही." हे घ्या. शेठचे भाचे गावाकडं निघालेत, त्यांच्या हाती देतोय.

हे पत्र आईला वाचून दाखवा, मामींना दाखवा, आणि कमलाकरराव आले तर त्यांनाही दाखवा. त्यांना, म्हणजे स्वरदाच्या वडलांना, मी अजून पाहिलेलं नाही, पण ते तुमच्या ओसरीवर बसून काय म्हणाले ते मला तन्वीकडून शब्दाला शब्द कळलं आहे. "मुलगा नववी नापास चालेल, हातात कसब आहे. गाव सोडून लांब राहतो, तेही चालेल. पण ज्याचं नाव पोलिसाच्या कागदावर आहे त्याच्यापुढं मुलगी दाखवायला मी बसवणार नाही." मास्तर माणूस आहे, बरोबरच आहे. पण मास्तरांनी कागदावरचं नाव वाचलं आणि नावाच्या आधीचा शब्द वाचला नाही. शाळेत एखाद्या पोरानं असं केलं असतं तर त्याला त्यांनी बाकावर उभं केलं असतं.

तर झालं असं. मास्तरांना गलाईचा धंदा माहीत नसणार, म्हणून आधी तेवढं सांगतो. आमच्या दुकानात सोनार लोक जुनं, भेसळीचं सोनं आणून देतात, आम्ही ते वितळवून, तेजाबात टाकून चोख करून देतो. हे करताना सोन्याचे कण उडतात. डोळ्याला दिसत नाहीत. ते फरशीवर बसतात, पायपुसण्यात शिरतात, बनियनमध्ये, नखांत, केसांत जातात. म्हणून गलाईच्या दुकानात केर काढायचा असतो, टाकायचा नसतो. झाडलेली धूळ, फाटकं पायपुसणं, हात धुतलेल्या पाण्याचा गाळ, भट्टीची राख, सोनं वितळवायच्या फुटक्या मुशी, सगळं एका पोत्यात साठवायचं. वर्षाकाठी ते जाळायचं, राख धुवायची, की तळाला सोनं बसतं. नवीन आलेला कुणी टेबलावरची धूळ फुंकायला गेला की जुने लोक अंगावर धावून येतात. मी तर पहिल्या वर्षी केस कापायला निघालो होतो, शेठ म्हणाले, "न्हाव्याकडं जायच्या आधी डोकं इथं बादलीत धू."

आणि या पोत्याची एक रीत आहे. त्याचं नाव बाहेर काढायचं नाही. कुणी विचारलं, यात काय आहे, तर सांगायचं, कचरा. शेजाऱ्याला कचरा, पाहुण्याला कचरा, घरमालकाला तर नक्कीच कचरा. आपल्याकडचे गलाईवाले देशभर गेले, पण ही रीत कुणी मोडली नाही. मीही मोडली नाही, आणि तिथंच माती खाल्ली.

आमचं दुकान शशिकलाकाकूंच्या घरात खालच्या मजल्यावर आहे, वर त्या राहतात. काकू मूळच्या आपल्याकडच्या, पण मूळ म्हणजे फारच मूळ. त्यांचे पूर्वज पेशवाईत इकडं कारभाराला आले आणि परत जायचं विसरले. काकू रेल्वेच्या तिकीट खिडकीवर नोकरी करून रिटायर झाल्या, आणि अजून समोरच्याकडं "सुट्टे काढा आणि पुढे सरका" अशाच नजरेनं बघतात. त्यांचं मराठी आपल्यापेक्षा जुनं आणि हिंदी आपल्यापेक्षा जोरात, आणि दोन्ही एकाच वाक्यात येतात. त्यांचा नातू सुमेध वकिली शिकतो. त्याला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत देतो. त्यामुळं त्या घरात भांडण झालं की दोन राज्यांमधलं वाटतं.

पोतं मागच्या दाराशी, जिन्याखाली असायचं. काकूंना ते खुपत होतं. पाडवा जवळ आला तशा त्या रोज जिन्यावरून ओरडायला लागल्या, "मंदार, तो बोरा हटव रे. गुढी काय मी त्या उकिरड्यापुढे उभारू? क्या है उसमें इतना?" मी आपला रीतीप्रमाणं, "काही नाही काकू, कचरा आहे, राहू द्या." त्या म्हणायच्या, "कचरा कुणी राहू देतो का? तुझ्या आईनं हेच शिकवलं?" (आई, तू मनाला लावून घेऊ नकोस. त्या सगळ्यांच्याच आईपर्यंत जातात.) मी म्हणायचो, "हटवतो." पण हटवणार कुठं? दुकान एवढंसं, त्यात भट्टी. शेठ लग्नासाठी गावाकडं गेलेले. आणि खरं सांगायचं तर मला एका जागी बसून कंटाळा आला होता. इथून जवळ मोठ नावाचं गाव आहे, तिथं आपल्या शेजारच्या वाडीचा सलील गलाईचं दुकान चालवतो, त्यानं हाताखाली बोलावलं, म्हटलं तेवढीच हवा बदलेल. तुम्ही म्हणता माझा पाय ठरत नाही. त्रिचूर सोडलं, आग्रा सोडलं. पण या वेळी नुसता मोठला जाऊन आलो, तर मागं हे रामायण.

पाडव्याला संध्याकाळी परत आलो. मागचं दार उघडलं. जिन्याखाली पोतं नाही. फरशी धुतलेली, लखलखीत, आणि जिथं पोतं होतं बरोबर तिथं रांगोळी. वर्षभराचा केर, शेठ गावाला, किल्ली माझ्याकडं. वर गेलो तर काकूंच्या दाराला कुलूप, त्या सुमेधला घेऊन प्रेमनगरला बहिणीकडं गेलेल्या, आणि त्यांचा फोन आत देव्हाऱ्याजवळ वाजतोय. शेठना फोन केला. ते वरातीत होते. बँडच्या आवाजात त्यांना फक्त "पोतं" आणि "गेलं" एवढं ऐकू आलं, आणि ते ओरडले, "थांबलास कशाला? पोलिसात जा!" मी गेलो. चोर पोतं उचलून वर रांगोळी काढून जात नाही, एवढं मला सुचायला हवं होतं. पण घाईत माणसाला रांगोळी दिसते, कळत नाही.

चौकीत एक दीवानजी बसलेले. (इकडं हवालदाराला दीवानजी म्हणतात.) बुंदेली माणूस, आरामात पान लावत होते. म्हणाले, "हओ, बोलो. का चोरी हो गओ?"

मी म्हटलं, "जी, कूडा."

त्यांनी चुन्याचं बोट तसंच हवेत धरलं. "काए भैया, कूरा?"

"हां जी. एक बोरा."

त्यांनी आतल्या खोलीकडं तोंड केलं. "अरे सुनो! इन भैया को कूरा चोरी हो गओ! इनके घर को पता लिख लो, अपनो सोई उतईं पहुँचा दें!" म्हणजे आमचाही कचरा याच्याच घरी पोचवू. आतून तिघं बाहेर आले, केवळ माझं तोंड बघायला.

आता रीत सांभाळू की पोतं? मी दीवानजींच्या कानाशी वाकून सांगितलं की त्या केरात सोनं असतं. लगेच खुर्ची मिळाली. चहा मिळाला. पण प्रश्न वाढले. कूरा की पहचान का है? रंग कौन सो? बोरा में कूरा कौन-कौन सो हतो? मी आयुष्यात पहिल्यांदा केराचं वर्णन करत होतो आणि एक पोलीस ते शुद्ध हिंदीत लिहून घेत होता: "धूल, राख, फटे पायदान, अन्य कूड़ा।" मग त्यांनी वर लिहिलं, "वादी मुकदमा: मंदार", आणि अंगठ्यासारखी माझी सही घेतली.

मी म्हटलं, "वादी? वादी तर शेताच्या दाव्यात असतो." आपल्याकडं तसंच ना मामा? तुमचा बांधाचा दावा चालला होता तेव्हा तुम्ही वादी होतात, आणि चोरीची तक्रार देणारा तो फिर्यादी. दीवानजी म्हणाले, "इतै जोई चलत है." इकडं हेच चालतं. तेव्हापासून माझा जो खेळ झाला तो ऐका. चौकीत मी वादी. फोनवर मेसेज आला त्यात मी आवेदक. दुसऱ्या मेसेजमध्ये शिकायतकर्ता. कोर्टात पोतं सोडवायचा अर्ज टाईप करून आणला त्यात मी प्रार्थी. तिथं झाडाखाली बसणारा एक म्हातारा मुन्शी मला मुद्दई म्हणतो, आणि त्याच्या शेजारी दतियाहून, म्हणजे पलीकडच्या राज्यातून येणारा वकील मला फरियादी म्हणतो. इथल्या एका पेपरनं चार ओळी छापल्या, त्यात मी पीड़ित. मी सुमेधला विचारलं, "बाबा, यातला मी नेमका कोण?" तो म्हणाला, "मंदार भैया, सब आप ही हैं. और हाई कोर्ट गए तो याची भी हो जाएँगे." (याची म्हणजे याचिका करणारा.) मी म्हटलं, मला कुठंही जायचं नाही, मला माझा केर पाहिजे. तर म्हणतो, "यही तो वादी कहता है." एवढ्या नावांचा माणूस मी ऐकला तो विष्णुसहस्रनामातच, आणि त्याला निदान नैवेद्य तरी दाखवतात. या सगळ्या नावांत एक आरोपी नाही, हे कमलाकररावांना वाचून दाखवताना इथं जरा थांबा आणि त्यांच्याकडं बघा.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी समोरच्या मिठाईवाल्याच्या कॅमेऱ्यातलं चित्र काढलं. मी, दीवानजी, मिठाईवाला आणि त्याची सगळी गिऱ्हाइकं मिळून बघत होतो. सकाळची वेळ. गाणं लावत कचऱ्याची गाडी येते. घरातून पदर खोचून एक बाई पोतं ओढत बाहेर येते. गाडीवाल्याला दटावते. गाडीवाला आणि त्याचा जोडीदार मिळून पोतं वर चढवतात. बाई हात झटकते, नळावर धुते आणि रांगोळीचा डबा आणायला आत जाते. दीवानजी म्हणाले, "चिह्नत हो?" ओळखतोस का? मामा, मी काय सांगणार. त्या बाईच्या हातची वरणफळं मी आदल्या आठवड्यात तीनदा मागून खाल्ली होती.

काकू परत आल्या तेव्हा दारात पोलीस. त्या घाबरल्या असतील असं तुम्हाला वाटेल. त्यांनी दीवानजींनाच चपला बाहेर काढायला लावल्या. मग माझ्याकडं वळल्या. "चोरी? कसली चोरी? मी याला दहा वेळा विचारलं, बोऱ्यात काय आहे. हा म्हणाला कचरा. पूछिए इससे. म्हणालास की नाही?" मी म्हटलं, म्हणालो. "मग कचरा कचऱ्याच्या गाडीत गेला. यात माझा काय गुन्हा? सोनं आहे म्हणाला असतास तर मी काय खाल्लं असतं?" दीवानजी माझ्याकडं असं बघत होते की केस माझीच, पण आता मीच त्यांना संशयित दिसत होतो.

पुढचा दिवस शहराबाहेरच्या कचऱ्याच्या डोंगरावर. मी आणि एक शिपाई. झाशीचा सगळा कचरा तिथं, आणि त्यात आम्ही कचऱ्याचं पोतं शोधतोय. शिपाई नाकाला रुमाल लावून लांबून काठी दाखवायचा, "जौ है? ऊ है?" कावळेसुद्धा आमच्याकडं कीव आल्यासारखे बघत होते. शेवटी एका ढिगातून पायपुसण्याचं टोक दिसलं, त्यावर "सुस्वागतम्" लिहिलेलं. मी त्या पायपुसण्याला मिठी मारली. शिपायानं त्याचा फोटो काढला. (तो पण फाईलला लागला आहे.)

वाटलं, संपलं. पोतं घेऊन घरी जाऊ. छे! पोतं आता माझं नाही, ते माल मुकदमा, म्हणजे खटल्यातला मुद्देमाल झालं. चौकीत नेऊन त्याला दोऱ्या बांधल्या, लाख वितळवून मोहोर मारली, चिठ्ठी लावली आणि मालखान्यात कुलपात ठेवलं. जिन्याखाली ते वर्षभर उघडं होतं, मांजर वर झोपायचं. आता त्याला बंदुकीचा पहारा. मी चौकीच्या मोठ्या साहेबांना म्हटलं, "साहेब, चोरीच झाली नाही, मी केस मागं घेतो." साहेब म्हणाले, तुम्ही कोण मागं घेणार? म्हटलं, मी वादी. म्हणाले, "वादी तुम, मुकदमा सरकार का." सुमेधनं समजावलं की आता पोलीस कोर्टाला लिहून देणार की चोरी नाही, मग कोर्ट वादीला विचारणार की तुमची काही हरकत आहे का, मग वादी सांगणार की नाही, मग पोत्याचा अर्ज निघणार. मी म्हटलं, हरकत नाही हे मी आत्ताच सांगतो, मोठ्यानं सांगतो. तर म्हणे असं नाही, आधी विचारलं पाहिजे.

घरात वेगळाच ताप. काकू जेवायला बोलावणं काही सोडत नाहीत, पण हाक मारतात, "या फिर्यादी, पान वाढलंय." शेजारीण आली की ओळख करून देतात, "हे आमचे फिर्यादी." ताटात मीठ वाढताना म्हणतात, "कमी असेल तर इथंच सांगा, चौकीत नको." ज्या बाईवर संशय होता तिच्याच हातचं दोन वेळ खाणारा देशात मी एकटाच फिर्यादी असेन. शेठ आले, त्यांनी सगळं ऐकलं, आणि मला फक्त एवढं विचारलं, "तू पोलिसांना केरात सोनं असतं हे सांगितलंस?" तेव्हापासून गल्लीतली पोरं आमच्या दारात केरसुणीनं धूळ गोळा करतात. शेठ माझ्याशी भट्टीकडं बघून बोलतात.

आणि यावर कळस सलीलनं केला. आवाज मोठा, डोकं छोटं. मी त्याला गंमत म्हणून एफआयआरच्या पानाचा फोटो पाठवला, त्यानं फोन हातात धरून दुसऱ्या फोननं त्या फोटोचा फोटो काढला आणि आपल्याकडच्या गलाईवाल्यांच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "मंदारभाऊंचं नाव पोलिसात." बस. ग्रुपवरून वाडीत, वाडीतनं बाजारात, बाजारातनं मास्तरांच्या शाळेत. फोटो हललेला, त्यात माझं नाव तेवढं स्वच्छ, आणि "वादी" हा शब्द नेमका सलीलच्या अंगठ्याखाली. आपल्या गावात पोलिसाच्या कागदावर ज्याचं नाव तो गुन्हेगार, बाकी सगळे शब्द म्हणजे शाई. आईला कुणीतरी विचारलं म्हणे, "किती वर्षांची झाली?"

म्हणून हात जोडून सांगतो, मामा. बापाविना वाढलो, शिकलो नाही, एका जागी ठरलो नाही, माझ्याकडं नाव सोडून दाखवण्यासारखं काही नाही, आणि ते मी स्वच्छ ठेवलं आहे. दुकानातल्या सोन्याला कधी नखाएवढा हात लावला नाही. ते नाव सलीलच्या अंगठ्यानं जायला नको. आईला सांगा, तिचा मुलगा वादी आहे, फिर्यादी आहे, तक्रारदार आहे, प्रार्थी आहे, पण आरोपी नाही. देवळासमोर बसणाऱ्यांनाही सांगा. त्यांना एक शब्द कळला नाही तर दुसरा सांगा, शब्द भरपूर आहेत.

मामींना, आईला नमस्कार. तन्वीला अभ्यास कर म्हणावं. म्हशीला राग धरू नका.

तुमचा भाचा
मंदार

ता. क. शेठच्या भाच्यांजवळ येताना शेंगदाण्याची चटणी द्या. काकूंना कबूल केली आहे, तडजोड म्हणून.

ता. क. दुसरा. (मामा, हा कागद वेगळा घडी करून आत ठेवला आहे. मोठ्यानं वाचत असाल तर इथं थांबा, खोकला आल्यासारखं करा आणि आत जाऊन वाचा.)

वर लिहिलं ते अक्षरन् अक्षर खरं आहे. आईला सगळं सांगा. पण कमलाकररावांना त्यातलं काहीही सांगू नका. त्यांना मी आरोपीच राहू द्या.

वरचं पत्र लिहून ठेवलं आणि परवा स्वरदाचा फोन आला. मैत्रिणीच्या फोनवरून, होस्टेलच्या गच्चीतून बोलत होती, वारा ऐकू येत होता. नर्सिंगचं शिक्षण निम्मं झालंय. मास्तरांनी ठरवलंय की लग्न झालं की बाकीचं "बघू". (मास्तर असून.) ती नको म्हणाली तर होस्टेलचं सामान उचलून घरी नेणार. आपण कारण न देता नको म्हटलं तर लोक तिच्यातच खोड काढणार. तिनं मला अगदी हळू विचारलं, "तुम्ही खरंच आरोपी आहात का?" मी ताडकन म्हटलं, नाही, मी वादी आहे, आणि हे सगळं तिला पहिल्यापासून सांगायला लागलो. ती केराच्या ठिकाणी हसली. मग म्हणाली, "असता तर बरं झालं असतं."

माझ्या नावाचं एवढं लिहिलं, आणि आता तेच म्हणतो, राहू द्या. एका घरात खराब राहिलं तर राहिलं. ते होऊन नको म्हणतील, स्वरदाला कुणी बोलणार नाही, आणि तिचं शिक्षण पुरं होईल.

ता. क. तिसरा. तुम्ही खोटं बोलत नाही, हे भावकीत सगळ्यांना माहीत आहे, आणि तुमची तीच अडचण होणार हे मलाही माहीत होतं. म्हणून सोय केली आहे. काल रात्रीच्या जेवणाला मी काकूंना म्हटलं, "काकू, माझ्यावर एक तक्रार द्या ना." आधी त्यांना वाटलं मला ऊन लागलं. मग सगळं सांगितलं. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि सुमेधला कागद घ्यायला लावला. मामा, मला वाटलं होतं दोन ओळींत होईल. पोत्याची घाण, तेजाबाचा वास, जिन्यात वाळत घातलेलं माझं बनियन, भल्या पहाटे शीळ घालणं, "हटवतो" म्हणून न हटवणं, सगळं आलं. सुमेधनं वर "प्रार्थिनी" लिहिलं होतं, ते काकूंनी खोडायला लावलं. "मी कुणाला प्रार्थना करत नाही. फिर्यादी लिही." आज सकाळी आम्ही दोघं एकाच रिक्षातून चौकीत गेलो आणि अर्ज देऊन आलो. दीवानजींनी शिक्का मारलेली प्रत सोबत जोडली आहे. खाली "विपक्षी", म्हणजे ज्याच्यावर तक्रार तो, असं लिहिलंय, त्यापुढं माझं नाव आहे, आणि या वेळी कुणाचा अंगठा मध्ये नाही. ती मास्तरांपुढं ठेवा. तुम्हाला एक अक्षर बोलावं लागणार नाही.

परत येताना रिक्षात काकूंनी विचारलं, "मुलगी दिसायला कशी आहे?" मी म्हटलं, "मी कुठं बघितली." त्या म्हणाल्या, "मग बरंय. बघूच नकोस." तन्वीनं फोटो केव्हाच पाठवला होता, हे मी त्यांना सांगितलं नाही.